वैशाखातली वैरण

सन 1674, वैशाख उतरणीला लागलाय. तुम्ही पोलादपुरात, सावित्रीच्या काठी आहात. पलीकडे रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची लगबग सुरू आहे. 6 जूनला तो होईल. तुमचं लक्ष मात्र आभाळाकडे आहे.

भाजलेल्या राबाचा वास अजून हवेत आहे. खळ्याशेजारी भाताच्या पेंढ्याची उडवी, आणि तीही अर्धी सरलेली. तिच्यातूनच घर शाकारायचं, बैल जगवायचे. आणि पडवीला बांधलेली ती घोडी आहेच.

घोडी भीमेकाठची. बुटकी, काटक, कोरड्या माळावर वाढलेली. धाकटा भाऊ शिलेदार, म्हणजे घोडी घरची. बारगीर असता तर पागेतली मिळाली असती. दसऱ्याला तो मुलूखगिरीवर निघेल. तोवर पावसाळाभर तिला या कोकणात जगवायचं तुम्हाला.

खरारा हातात घ्या. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत रगडा. मग एकेक पाय उचलून खूर बघा, बोटानं माती काढा. घोडी ओलीत उभी राहिली की खूर सडतो, आणि लंगडी घोडी दसऱ्याला कोणाच्या कामाची? म्हणून गोठ्यातली तिची जागा उंच करून मुरूम पसरलाय. तोबऱ्यात भिजवलेले कुळीथ मोजूनच घाला. पोट दुखलं तर उभं जनावर हातचं जातं. दाण्याचं कसंही जमेल. खरी चिंता कोरड्या वैरणीची. श्रावणात चहूकडे हिरवं दिसेल, पण त्या भिजक्या गवतावर दौडीचं जनावर उभं राहत नाही.

कशेडीचा घाट ओलांडून दक्षिणेला, चिपळूणच्या बाजूला, सरकारी पागांचा तळ आहे. तिथल्या अंमलदारांना महाराजांनी याच सुमारास पत्र लिहिलंय. दाणागवत आताच मनमानेल तसं उडवलंत तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, असं ते बजावतात. मग तुमचे स्वार कुणब्यांच्या घरी जातील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे. जे कुणबी घर धरून जीव राखून राहिलेत तेही उठून जातील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट ठराल.

पुढे विषय आगीचा. गवताजवळ चुली नकोत, तंबाखूसाठी विस्तव नको. रात्री दिवाही जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात घेऊन जाईल. गवत जळालं की पागा बुडाली.

अभिषेकाच्या उंबरठ्यावरचा राजा वातीचा आणि उंदराचा विचार करतो, हे मला त्याच्या कोणत्याही लढाईइतकं मोठं वाटतं. तुमच्या अर्ध्या उडवीची किंमत त्याला ठाऊक होती. मराठी घोडदळाचं बळ कुणब्यानं साठवलेल्या या पेंढ्यात होतं.

हे पत्र आजही छापील मिळतं. महाड-पोलादपुरातल्या प्रत्येक शाळेत ते मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या.