गरिबांचे सेवक संत व्हिन्सेंट दे पॉल

ज्युबिली हा शब्द आज आपल्या कानांवर पडतो तो घंटानाद, पताका व आनंदाचे मेळे यांच्या संगतीनें. परंतु ज्या यहुदी लोकांपासून हा शब्द आपणांस मिळाला, त्यांच्यांत त्याचा अर्थ अधिक खोल होता. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें दर पन्नासावें वर्ष पवित्र मानावयाचें असे. हलाखीमुळें विकलेली वडिलार्जित जमीन त्या वर्षीं मूळ धन्याकडे परत जावी, व दारिद्र्यापायीं ज्यानें स्वतःस विकलें तो बंधु मोकळा होऊन आपल्या कुळांत यावा, अशी आज्ञा होती. म्हणजे ज्युबिलीचा आनंद प्रथम गरिबाच्या घरीं पोंचावयाचा असे. आपल्या धर्मग्रामाच्या या मंगल प्रसंगीं गतकाळाचें सिंहावलोकन करतांना मंदिराच्या भिंती, वेदी व घंटा यांबरोबरच आपल्यांतील गरिबांचें काय झालें, याचाहि हिशेब घेणें उचित होय. हा हिशेब कसा घ्यावा हें ज्यांनीं आपल्या उभ्या आयुष्यानें दाखविलें, अशा एका धर्मगुरूचें चरित्र येथें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ख्रिस्तसभेच्या अगदीं आरंभींच हा प्रश्न उपस्थित झाला होता. यरुशलेमच्या मंडळींत रोजच्या अन्नवांटणींत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर उठली. तेव्हां प्रेषितांनीं ती क्षुल्लक म्हणून झिडकारली नाहीं. सात पुरुष निवडून त्यांजवर हात ठेवून तें काम त्यांजकडे सोंपविलें. त्या मंडळींत देण्याची इच्छा होती. उणीव होती ती व्यवस्थेची. सुमारें सोळाशें वर्षांनीं फ्रान्समधील एका लहानशा गांवीं हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, व तो सोडविण्याचें काम व्हिन्सेंट दे पॉल या धर्मगुरूच्या वाट्यास आलें.

व्हिन्सेंट यांचा जन्म १५८१ च्या सुमारास फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांतील पुई या खेड्यांत एका शेतकरी कुटुंबांत झाला. लहानपणीं त्यांनीं घरचीं गुरेंमेंढरें राखलीं. पुढें शिक्षणासाठीं त्यांस जवळच्या डाक्स गांवीं ठेविलें असतां एके दिवशीं वडील भेटावयास आले. अंगावर जाडेंभरडें वस्त्र, पाय अधू. मुलास त्यांची लाज वाटली व तो त्यांच्याशीं बोलावयास गेला नाहीं. ही गोष्ट व्हिन्सेंट यांनीं स्वतःच पुढें पश्चात्तापानें सांगितली आहे. १६०० सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली, तेव्हां त्यांचें वय विशीच्या आंतबाहेरचें होतें. एखादी चांगल्या उत्पन्नाची जागा मिळावी व घरच्यांस हातभार लावावा, एवढीच त्यांची त्या वेळची आकांक्षा होती. तेव्हां संतपण त्यांस जन्मतः लाभलें होतें असें कोणीं समजूं नये. ज्या दारिद्र्यास ते लाजले, त्याच दारिद्र्यांत प्रभूचें मुख ओळखावयास त्यांस बरींच वर्षें लागलीं.

१६१७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ते शातियों नांवाच्या गांवीं पाळक होते. एका रविवारीं मिस्साबलीसाठीं पवित्र वस्त्रें धारण करीत असतां त्यांस निरोप आला कीं, गांवाबाहेरच्या एका घरांत सर्वचजण आजारी पडले असून एकाची शुश्रूषा करावयास दुसरा उठूं शकत नाहीं. प्रवचनांत त्यांनीं ती हकीकत कळकळीनें सांगितली. सायंप्रार्थनेनंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले, तों वाटेंत बायकांची रीघ लागलेली! कांहीं अन्न घेऊन जात होत्या, कांहीं देऊन परत येत होत्या. ऊन कडक असल्यामुळें कित्येकजणी रस्त्याच्या कडेला विसांवा घेत बसल्या होत्या. दुसरा कोणी पाळक असता तर आपलें प्रवचन सफळ झालें असें मानून संतोषानें घरीं परतला असता. व्हिन्सेंट मात्र विचारांत पडले. आज ढिगानें आलेलें अन्न पुष्कळसें नासून जाईल, आणि चार दिवसांनीं हींच माणसें पुन्हा उपाशी राहतील. या लोकांत दया पुष्कळ आहे, पण तिला शिस्त नाहीं, हें त्यांच्या ध्यानीं आलें.

त्याच महिन्याच्या २३ तारखेस त्यांनीं गांवांतील कांहीं स्त्रियांस एकत्र केलें, व ८ डिसेंबर १६१७ रोजीं त्यांच्या दयामंडळाची विधिपूर्वक स्थापना झाली. या मंडळासाठीं त्यांनीं जी नियमावली लिहिली, ती वाचतांना आजहि मन हेलावतें. प्रत्येक सभासद स्त्रीनें आपल्या पाळीच्या दिवशीं स्वतःच्या हातानें जेवण तयार करावें व तें आजाऱ्याच्या घरीं न्यावें. आंत शिरतांच त्यास आनंदी मुद्रेनें अभिवादन करावें. त्याच्यापुढें स्वच्छ वस्त्र पसरावें, हात धुण्यास पाणी द्यावें, प्रार्थना म्हणावी व मायेनें चार घांस खावयास लावावे. त्यांतील एक कलम तर विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ज्या आजाऱ्याजवळ कोणी माणूस आहे त्याच्यापासून आरंभ करावा, व ज्यास कोणीच नाहीं त्याच्याकडे सर्वांत शेवटीं जावें. कारण कीं, तेथें अधिक वेळ बसतां यावें! भुकेल्यास अन्नाइतकीच सोबतीचीहि गरज असते, हें या शेतकऱ्याच्या मुलास नेमकें ठाऊक होतें.

१६२५ सालीं त्यांनीं खेड्यापाड्यांतील लोकांस सुवार्ता सांगण्यासाठीं धर्मगुरूंचा मिशन संघ स्थापिला. दयामंडळेंहि गांवोगांव पसरत जाऊन अखेर पॅरिस नगरींत पोंचलीं. तेथें मात्र एक विघ्न उद्भवलें. पॅरिसच्या मंडळांत थोरामोठ्यांच्या घरच्या स्त्रिया होत्या. द्रव्य देण्यास त्या मागें सरत नसत. परंतु हातांत भांडें धरून अंधाऱ्या जिन्यांवरून आजाऱ्यांच्या खोल्यांत जाणें त्यांस जड जाऊं लागलें, व कित्येकींनीं आपल्या ऐवजीं मोलकरणी धाडण्यास सुरुवात केली. अन्न पूर्वींसारखेंच पोंचत होतें, पण तें घेऊन येणारें माणूस बदललें होतें. गरिबाच्या दृष्टीनें हा फरक लहान नव्हे.

हा पेंच एका गरीब मुलीमुळें सुटला. सुरेन गांवची मार्गरित नासो ही गुराखीण मुलगी. गुरें चारतां चारतां, येणाऱ्याजाणाऱ्यांस अक्षरें विचारून ती वाचावयास शिकली, व मग आपल्यासारख्या इतर मुलींस शिकवूं लागली. आजाऱ्यांच्या सेवेचें काम तिनें आपण होऊन मागून घेतलें. १६३३ सालीं प्लेग झालेल्या एका स्त्रीस तिनें आपल्याच अंथरुणांत जागा दिली. त्यामुळें तिलाहि प्लेग झाला व त्यांतच तिचा अंत झाला. तिच्याजवळ देण्यासारखें धन नव्हतें. जें अंथरूण होतें तें तिनें दिलें. त्याच वर्षाच्या २९ नोव्हेंबर रोजीं लुईझ दे मारियाक या विधवा बाईंनीं अशाच कांहीं खेडवळ मुलींस आपल्या घरीं एकत्र केलें, व व्हिन्सेंट यांच्या मार्गदर्शनाखालीं दयाकन्यांच्या संघाचा उगम झाला. त्या काळीं धर्मभगिनी म्हटल्या कीं मठाच्या भिंतींआड राहणाऱ्या, असा परिपाठ होता. या कन्यांनीं मात्र शहराचे रस्ते व आजाऱ्यांचीं घरें हाच आपला मठ मानावा, आणि प्रार्थनेच्या वेळीं गरिबाची हांक आली तर निःशंकपणें उठावें, कारण त्यामुळें देव दुरावत नाहीं, अशी शिकवण व्हिन्सेंट यांनीं त्यांस दिली.

रस्त्यांवर टाकून दिलेल्या अनाथ अर्भकांचा सांभाळहि या मंडळींनीं १६३८ पासून हातीं घेतला. खर्च इतका वाढला कीं, पुढें एके काळीं हें काम सोडून द्यावें असा विचार पॅरिसच्या त्या दात्या स्त्रियांत बळावला. व्हिन्सेंट यांनीं त्यांच्या सभेंत उभें राहून या लेंकरांच्या आया म्हणून राहावयाचें कीं नाहीं याचा निर्णय त्यांजवरच सोंपविला, आणि काम चालूं राहिलें. २७ सप्टेंबर १६६० रोजीं व्हिन्सेंट यांनीं देह ठेविला. १७३७ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें, व १८८५ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस सर्व दयाकार्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें.

त्यांनीं लाविलेला दीप पुढें दुसऱ्या हातांनीं धरिला. २३ एप्रिल १८३३ रोजीं पॅरिसमध्यें फ्रेदरिक ओझानाम व त्यांचे सोबती एकत्र जमले. त्याच दिवशीं ओझानाम यांस वीस वर्षें पूर्ण झालीं होतीं. त्या काळच्या वादसभांत त्यांस विचारलें जाई कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं पुष्कळ केलें असेल, पण आज तो गरिबांसाठीं काय करतो? या तरुणांनीं वाद सोडून गरिबांच्या घरची वाट धरली. दयाकन्यांपैकीं सिस्टर रोझाली रांदू यांनीं त्यांस ही वाट दाखविली: कोणत्या घरीं जावें, काय न्यावें, व मुख्य म्हणजे दारिद्र्यापुढें नम्र कसें व्हावें. याच तरुणांच्या मंडळास संत व्हिन्सेंट यांचें नांव मिळालें. आज तें सुमारें दीडशें देशांत पसरलें असून मुंबई व वसईकडील अनेक धर्मग्रामांतहि त्याच्या शाखा आहेत. ओझानाम १८५३ सालीं अवघ्या चाळिसाव्या वर्षीं वारले. १९९७ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्यवादित घोषित केलें.

प्रिय वाचकहो, या इतिहासांतून आपण काय घ्यावें? सणासुदीस अन्न-वस्त्र वांटणें चांगलेंच. पण शातियोंच्या रस्त्यावरील ती रीघहि चांगलीच होती, आणि तरी व्हिन्सेंट यांस तिनें समाधान दिलें नाहीं. नाताळांत आपण दिलेलें धान्य पौष-माघांत संपतें; मग त्या घरीं कोण जातें? आपल्या ऐवजीं आपण कोणाला धाडतों? मंदिराच्या पेटींत टाकलेलें नाणें हीच जर आपली मोलकरीण झाली असेल, तर पॅरिसच्या त्या स्त्रियांहून आपण फारसे निराळे नाहीं. प्रभूनें मंदिरांतील गरीब विधवेच्या दोन टोल्यांची प्रशंसा केली ती त्यांच्या किंमतीसाठीं नव्हे, तर तिनें आपल्या उपजीविकेंतून दिलें यासाठीं. उरलेलें देण्यास श्रद्धा लागत नाहीं; आपला वेळ, आपली झोंप, आपला मान देण्यास ती लागते.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक वाड्यांतील आजारी, निराधार व एकाकी वृद्ध यांची यादी व्हावी. प्रत्येक घरानें पाळी वांटून घ्यावी. आणि ज्याचें कोणीच नाहीं त्याच्या दारीं शेवटीं जाऊन अधिक वेळ बसावें. अखेरच्या न्यायाच्या दिवशीं प्रभु भुकेला, तान्हेला, उघडा, आजारी व बंदिवान यांच्या रूपानें आपली ओळख विचारणार आहे. ती ओळख आजच व्हावी, व संत व्हिन्सेंट यांच्या मध्यस्थीनें आपल्या धर्मग्रामाची पुढील वाटचाल गरिबांच्या घरांवरून जावी, हीच परमेश्वरचरणीं प्रार्थना.