लाल वही आणि माझी एक्सेल

परवा रविवारी मामाच्या ऑफिसातलं जुनं कपाट आवरत होतो. मामा छोटा बिल्डर आहे, दोन-तीन वर्षांत एखादी बिल्डिंग. तळाशी १९९६ ची लाल वही सापडली. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, हप्ते, नोकरी कायम आहे का, आणि समासात शेरे! "मेहुणा भांडकुदळ" वगैरे :) वही एकच, किल्ली मामीकडे. सिक्युरिटी म्हणाल तर हीच.

कायद्याचं लक्ष तेव्हा पैशावर होतं. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने २० टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घ्यायच्या आधी करारनामा रजिस्टर करायला लावलं. मे २०१७ मध्ये महारेरा आलं, तेव्हा ती मर्यादा १० टक्के झाली आणि गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं आलं. पैशाला खातं मिळालं. पॅनकार्डाच्या झेरॉक्स मात्र टेबलावरच!

त्याच सुट्टीत मामा म्हणाला, "इंजिनियर होतोयस ना, हे कॉम्प्युटरवर घे." मी घेतलं. ४२ गिऱ्हाइकं, एक फाइल, पासवर्ड नाही. वर हौसेने ऑफिसातल्या सगळ्यांना पेन ड्राइव्हवर कॉपी करून दिली.

पुढच्या दिवाळीत एक निवृत्त मास्तर ऑफिसात आले. ताबा मिळायच्या आधीच त्यांना ग्रिलवाले, किचनवाले, कर्जवाले नावानिशी फोन करत होते. "मी नंबर तुम्हाला दिला होता हो," एवढंच म्हणाले. मामाने माझ्याकडे बघितलं.

मी नंतर कायदा काढून वाचला. आयटी कायद्याचं कलम ४३अ २००९ पासून लागू होतं, त्यात एकट्याच्या मालकीचा धंदाही येत होता. पण २०११ च्या नियमांतल्या 'संवेदनशील' माहितीच्या यादीत पासवर्ड, बँक खातं, आजार, बोटांचे ठसे असलं सगळं. साधा फोन नंबर नाही. म्हणजे मास्तरांच्या हाती काहीच नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता, पण डेटा संरक्षण कायदा यायला २०२३ उजाडलं आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे १८ महिने मुदत. त्यात नंबरही येतो, आणि माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत.

"२५० कोटी?" मामा हसला. मग हसायचा थांबला.

असो. रविवारभर मी त्या एक्सेलच्या कॉपी शोधत होतो. पाच दिल्या होत्या, चार सापडल्या, पुसल्या. पाचवी सुपरवायझरकडे होती. तो २०१९ मध्येच नोकरी सोडून गेला, पेन ड्राइव्हसकट.