उलट टपाली

परदेशातल्या ग्राहकाला कंपनीतर्फे एसएमएस पाठवायला किती ओळींचा कोड लागतो? चार. कोणाला, काय, कोणाच्या नावाने, आणि शेवटी 'पाठव'. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मला हे काम दिलं होतं आणि मी ते संध्याकाळच्या चहाआधी संपवलं होतं. त्याला चार वर्षं झाली. त्या चार ओळी मी अजून निस्तरतोय.

आज त्याबद्दलच लिहायचंय. पण गोष्ट सुरू होते हिंजवडीच्या बरीच आधी आणि बरीच पूर्वेला. आमच्या राजुऱ्यात.

राजुरा कुठे आहे हे पुण्यात सांगावं लागतं. चंद्रपूरहून दक्षिणेला निघालं की बल्लारपूर, मग वर्धा नदी, आणि नदी ओलांडली की थोड्या वेळात राजुरा. सगळं मिळून तीसेक किलोमीटर. एसटीत घेतलेले फुटाणे संपायच्या आत गाव येतं. माझे आबाजी (म्हणजे वडिलांचे वडील) मात्र म्हणायचे, "आमच्या लहानपणी चांद्याले जाणं म्हणजे दुसऱ्या मुलखात जाणं होतं, बापू." मला वाटायचं, म्हातारा माणूस, वाढवून सांगतोय. इतिहास वाचायला लागल्यावर कळलं की ते शब्दशः खरं होतं.

चांदा (आताचं चंद्रपूर) १८५० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेलं आणि पुढे मध्यप्रांतातला जिल्हा झालं. नदीपलीकडचं राजुरा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात. मधे फक्त वर्धा. आणि हैदराबाद काही नावापुरतं संस्थान नव्हतं. स्वतःची रेल्वे, स्वतःचं नाणं, स्वतःचं टपाल खातं. जकात खातंही स्वतःचं, त्याला म्हणायचे 'करोडगिरी'. १८०२ च्या व्यापारी तहात शेकडा पाच जकात ठरली होती. कारभार १८८४ पासून उर्दूत. साल फसली. चांद्यात १९४० चालू असेल तर राजुऱ्याच्या सरकारी कागदावर १३४९ नाहीतर १३५०. टाइमझोनचा घोळ आपल्याला साडेबारा तासांचा वाटतो, इथे नदी ओलांडली की ५९० वर्षांचा फरक :)

आता या चित्रात आमच्या पणजोबांचं किराणा दुकान ठेवा. माल यायचा चांद्याच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून. आजच्या भाषेत तो व्यापारी म्हणजे परदेशातल्या ग्राहकांना बिझनेस मेसेज पाठवणारा माणूस! त्याचा मेसेज म्हणजे एक पोस्टकार्ड. गूळ आलाय, भाव अमुक, किती भेल्या पाठवू? बस. ब्रिटिश हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला सुरू झालं, किंमत पाव आणा. एवढीशी जागा, उघडा मजकूर, स्वस्त दर. एसएमएसचा आजोबाच म्हणा ना.

पण चार ओळींच्या कोडसारखंच, कार्ड लिहिणं सोपं होतं. ते पलीकडे पोचणं अवघड.

पहिली अडचण तिकिटाची. निजामाने १८६९ पासून स्वतःची टपाल तिकिटं काढली. ती फक्त संस्थानाच्या हद्दीत चालायची. ग्वाल्हेर, पतियाळा अशा काही संस्थानांनी इंग्रजांशी करार केला होता, त्यांची तिकिटं ब्रिटिश हिंदुस्थानात कुठेही चालत. हैदराबादने तसा करार केला नाही. म्हणजे राजुऱ्यातून लांब औरंगाबादला पत्र धाडायला जे तिकीट चाले, तेच तिकीट लावून नदीपलीकडे चांद्याला धाडता येत नसे. अंतराशी काही संबंधच नाही. हद्द कोणाची, एवढाच प्रश्न.

दुसरी अडचण नाण्याची. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सरकारी भाव शंभर कलदारला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. हे ऐकून माझं डोकं गरगरलं होतं, पण आबाजींना दुकानातला सोपा हिशेब पाठ होता, सात हालीचे सहा कलदार. करून बघा, बरोबर येतो. व्यापाऱ्याच्या कार्डावर भाव कलदारात असायचा आणि पणजोबांच्या गल्ल्यात यायचे हाली.

मग पणजोबांनी काय केलं? बल्लारपूरला एका ओळखीच्या दुकानाचा पत्ता दिला. चांद्याची कार्डं तिथे यायची, ब्रिटिश हद्दीतल्या ब्रिटिश हद्दीत. तिथून कोणी राजुऱ्याकडे येणारा असला की त्याच्या खिशात. उत्तरही तसंच. जाणाऱ्याच्या हातात लिहिलेलं कार्ड द्यायचं आणि तो ते बल्लारपूरच्या पेटीत टाकायचा. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की सगळंच ठप्प.

आमच्या धंद्यात याला 'ग्रे रूट' म्हणतात. परदेशी कंपनीचा मेसेज अधिकृत वाटेने पाठवला की महाग पडतो, म्हणून कोणीतरी त्या देशातली शे-दोनशे साधी सिमकार्डं एका खोक्यात बसवतं आणि मेसेज तिथलाच आहे असं भासवून पाठवतं. कधी पोचतो, कधी नाही, आणि पाठवणाऱ्याच्या नावाऐवजी कुठला तरी अनोळखी नंबर दिसतो. हे मला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, अरे, हा तर आमचा बल्लारपूरचा पत्ता! फरक एकच. पणजोबांच्या वाटेवरचा प्रत्येक माणूस ओळखीचा होता.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि इथे निजामाचं टपाल आमच्यापेक्षा पुढे होतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. १९३१ मध्ये हैदराबादने चित्रांची तिकिटं काढली. चारमिनार, उस्मानसागर, अजिंठ्याचं प्रवेशद्वार, दौलताबादचा मिनार. त्यांवर किंमत उर्दू, तेलुगू, इंग्रजी आणि मराठी, अशा चार लिप्यांत छापलेली असे. कारभार उर्दूत असला तरी तिकीट घेणाऱ्याला ते वाचता यावं इतपत विचार होता.

एसएमएसचं काय? १९८५ मध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन इंजिनिअरने टाइपरायटरवर वाक्यं लिहून अक्षरं मोजली, पोस्टकार्डांवर आणि टेलेक्सवर लोक किती मजकूर लिहितात ते पाहिलं, आणि १६० अक्षरं पुरतात असं ठरवलं. ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये पहिला एसएमएस गेला. त्या १६० मध्ये रोमन अक्षरं आहेत, युरोपातली टिंबवाली अक्षरं आहेत, काही ग्रीक अक्षरंही आहेत. देवनागरी नाही. मराठीत लिहिलं की मर्यादा थेट ७० वर येते, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'चंद्रपूर' दिसायला चार-पाच अक्षरं, मोजायला आठ. मेसेज लांबला तर ६७-६७ चे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे. दीडशे अक्षरांचा इंग्रजी मजकूर एका मेसेजमध्ये बसतो, तेवढ्याच मराठी मजकुराचे तीन होतात. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, "इंग्लिशमध्येच ठेवू ना, सगळ्यांना कळतं." सगळ्यांना कळत नाही. राजुऱ्यात माझ्या आईला बँकेचे मेसेज मी फोनवर वाचून दाखवतो.

आता मुख्य मुद्दा. परदेशी पत्राचे पैसे कोणी कोणाला द्यायचे?

१८७४ पर्यंत हा मोठा गुंता होता. पत्र ज्या-ज्या देशातून जाणार त्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा. त्या वर्षी ९ ऑक्टोबरला बर्नमध्ये २२ देशांनी करार केला. त्यातून पुढे जागतिक टपाल संघ झाला, आणि ब्रिटिश हिंदुस्थान त्यात १ जुलै १८७६ ला सामील झाला. त्यांनी शोधलेली युक्ती फार सुंदर आहे. तिकिटाचे पैसे ज्या देशाने घेतले त्यानेच ठेवायचे. पत्र वाटणाऱ्या देशाला काही द्यायचं नाही. का? कारण साधारणपणे प्रत्येक पत्राला उत्तर येतं, आणि उत्तराच्या तिकिटाचे पैसे त्या दुसऱ्या देशाला मिळतात. फिट्टंफाट!

अख्ख्या जगाचं टपाल या एका गृहीतकावर जवळजवळ शंभर वर्षं चाललं. मग काही देशांतून जाणारं टपाल येणाऱ्यापेक्षा फार जास्त झालं, ज्याला उत्तर येत नाही असं टपाल वाढलं, आणि १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ठरलं की जास्त पाठवणाऱ्याने वाटणाऱ्याला भरपाई द्यायची.

एसएमएसने हीच वाट धरली. सुरुवातीला मोबाइल कंपन्या एकमेकांचे मेसेज बऱ्याचदा फुकट पोचवत. माणूस माणसाला लिहितो, तोही उलट लिहितो, हिशेब बरोबर. मग आम्ही आलो. बँका, विमान कंपन्या, दुकानं, ओटीपी. आमच्या मेसेजला उत्तर येणारच नव्हतं. मग दर मेसेजमागे पैसे लागू झाले. मग नोंदणी आली. भारतात २०१८ च्या ट्रायच्या नियमांनंतर कंपनी, नाव आणि मजकुराचा साचा, तिन्ही आधी नोंदवावं लागतं. सिंगापूरमध्ये जानेवारी २०२३ पासून नोंद नसलेल्या नावाने पाठवलं तर फोनवर 'बहुधा फसवणूक' अशा अर्थाचा शिक्का दिसतो. अमेरिकेत नाव चालतच नाही, नंबरच लागतो, तोही नोंदवलेला, आणि ग्राहकाने 'स्टॉप' लिहिलं की थांबावंच लागतं. आम्ही इंजिनिअर लोक या नियमांना करोडगिरीच्या नाक्यासारख्या शिव्या देतो. मीही द्यायचो.

मग ते प्रकरण झालं. चूक माझी होती. अमेरिकेतल्या ग्राहकांना जाणारे आठवणीचे मेसेज मी आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी साडेतीनला लावले. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा पहाटेचे तीन. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं, कारण टेस्टिंग आम्हीच करत होतो, दुपारी, जागे असताना.

उलट आलेले मेसेज डेटाबेसमध्ये एका टेबलात साठत होते. त्यातला 'स्टॉप' हा शब्द प्रोग्राम वाचत असे. बाकी काही कोणी वाचत नसे. एका माणसाने 'स्टॉप' लिहिलं नव्हतं. त्याने चांगली तीन वाक्यं लिहिली होती. त्याची आई दवाखान्यात होती, रात्री फोन वाजला की तिकडून आलाय असं वाटून तो दचकून उठायचा, तरी कृपया रात्री मेसेज पाठवू नका. बस, एवढंच. ते मी अकराव्या दिवशी वाचलं, तेही भलताच बग शोधताना. मधल्या काळात आम्ही त्याला पहाटे तीनला आणखी चार मेसेज पाठवले होते.

मी त्याला उत्तर लिहिलं. माफी मागितली. त्याचं उत्तर आलं नाही, आणि का यावं?

त्या रात्री मला आबाजी आठवले. ते सांगायचे, चांद्याच्या व्यापाऱ्याच्या प्रत्येक कार्डाच्या शेवटी एकच गोष्ट असायची. 'उलट टपाली उत्तर यावे.' दोन टपालं, दोन नाणी, दोन सालं, मधे पूर आलेली नदी. तरीही हा माणूस उत्तर गृहीत धरून लिहायचा, आणि ते आल्यावर वाचायचा. पणजोबांनी 'यंदा गूळ नको, पोरीचं लग्न आहे, हात आखडता आहे' असं कळवलं तर पुढच्या कार्डात गुळाचं नाव नसायचं, लग्नाची चौकशी असायची. आणि आम्ही? नाव, नंबर, दर, नोंदणी सगळं बिनचूक करून मेसेजच्या शेवटी लिहायचो, 'कृपया उत्तर देऊ नये.'

राजुऱ्याची हद्द पुढे मिटली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं, राजुऱ्यात तो मुक्तिदिन म्हणून पाळतात. १९५० मध्ये निजामाचं टपाल भारतीय टपालात विलीन झालं. १९५६ मध्ये तालुका नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांद्यात. आबाजी म्हणायचे, "सरकार बदललं ते मले एका कार्डावरून समजलं. चांद्याचं कार्ड सरळ दुकानात आलं."

असो. ऑफिसात आता वेळ ग्राहकाच्या घड्याळाने ठरते, आणि उत्तरांचं ते टेबल रोज सकाळी कोणीतरी माणूस वाचतो. आमच्यात पाळी लावली आहे, सोमवार माझा. बहुतेक उत्तरं 'ओके' असतात. 'उत्तर देऊ नये' ही ओळ काढायला मात्र चार मीटिंगा लागल्या, आणि ती काढल्यावर इंग्रजी मजकुरात चक्क जागा उरली.

तुमच्यापैकी कोणी असं काम करत असेल तर सोमवारी गेल्या गेल्या एक करा. तुमच्याकडचं ते टेबल शोधा, असणारच. उघडा आणि 'स्टॉप' सोडून बाकीचं वाचा.