पाइपाचं पहिलं टोक

1966च्या जानेवारीत पश्चिम सैबेरियातल्या पूर नदीकाठी वायूच्या शोधात निघालेली एक तुकडी पोचली, तेव्हा तिला राहायला आयत्या बराकी मिळाल्या. त्या कैद्यांच्या होत्या. सालेखार्ड ते इगारका असा सुमारे 1300 किलोमीटरचा लोहमार्ग ध्रुववृत्ताच्या कडेकडेनं टाकायचा हुकूम स्टालिननं सोडला होता, आणि त्यावर राबले ते गुलाग छावण्यांतले हजारो बंदी. मार्च 1953मध्ये स्टालिन मेला आणि लगोलग कामही थांबलं. तोवर जवळपास 700 किलोमीटर रूळ पडले होते. ‘मृत रेल्वे’ याच नावानं तो मार्ग पुढे ओळखला गेला. रुळांखाली काय दडलंय, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

ती आली जुलै 1966मध्ये. पोलुपानोव्ह यांच्या तुकडीनं खणलेल्या विहिरीतून वायू उसळला आणि उरेंगॉयचं क्षेत्र हाती लागलं. साठा सुमारे दहा लाख कोटी घनमीटर. जगातल्या सर्वांत मोठ्या वायूसाठ्यांत त्याची गणना होते.

वायू होता, पण त्याच्यावर बसायला माणसं हवीत. 1973मध्ये नव्या वस्तीची सुरुवात झाली, 1975मध्ये सरकारदरबारी तिची नोंद झाली, आणि 1980मध्ये तिला शहराचा दर्जा मिळाला: नोव्ही उरेंगॉय. पहिली माणसं चाकांवरच्या लाकडी-पत्र्याच्या खोपटांत राहिली. बाहेर उणे पन्नास. तरी ती येत राहिली, कारण पगार दांडगा होता: उत्तरेकडच्या नोकरीला जादा भत्ता आणि निवृत्तीही लवकर. चार-पाच वर्षं काढू, पैसे गाठीला बांधू आणि ऊबदार मुलखात घर घेऊ, हा बहुतेकांचा हिशेब. अनेकांची पाच वर्षं संपलीच नाहीत. 1989पर्यंत लोकसंख्या 93 हजारांवर गेली. आज ती लाखापलीकडे आहे आणि प्रांताची राजधानी सालेखार्ड या शहरापुढे लहान वाटते.

इथलं घर पाहिलं की या मुलखाची खोड कळते. इमारत जमिनीवर टेकलेली नसते. ती काँक्रीटच्या खांबांवर उभी असते आणि खालची जागा मोकळी सोडलेली असते. जमीन बारमाही गोठलेली. घरातली ऊब तिच्यापर्यंत पोचली, तर ती वितळून चिखल होईल आणि इमारत खचेल. म्हणून खालून गार वारा खेळता ठेवायचा. गरम पाण्याचे नळही पुरत नाहीत. जाड वेष्टन गुंडाळून ते जमिनीवरून जातात आणि रस्ता आला की कमानीसारखे वर चढून पलीकडे उतरतात.

वायूचंही तसंच. हजार-बाराशे मीटर खोलीवरून येणारा हा वायू जवळजवळ शुद्ध मिथेन असतो, पण सोबत ओलावा आणतो. दाब आणि गारठा एकत्र आले की त्या ओलाव्यापासून बर्फासारखे खडे तयार होतात आणि पाइप तुंबतो. त्यामुळे आधी ग्लायकोलनं तो ओलावा शोषून घ्यायचा, आणि पाइपात सोडताना वायू थंडही करायचा, नाहीतर पाइपाखालची गोठलेली जमीन ढासळायची. थंडीशी लढण्यापेक्षा थंडी टिकवण्यातच इथल्या इंजिनियरांची अर्धी अक्कल खर्च होते.

1978मध्ये उत्पादन सुरू झालं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या एकट्या क्षेत्रातून वर्षाला सुमारे 300 अब्ज घनमीटर वायू निघत होता. सबंध भारताला आज वर्षभर लागतो त्याच्या जवळपास चौपट!

एवढा वायू विकायचा कुणाला? पश्चिम युरोपला. उरेंगॉयपासून युक्रेनच्या पश्चिम टोकाच्या उझगोरोदपर्यंत 4451 किलोमीटरची वाहिनी ठरली, पाइपाचा व्यास 1420 मिलिमीटर. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना हे रुचलं नाही. पोलंडमधल्या लष्करी कायद्याचं निमित्त साधून डिसेंबर 1981मध्ये त्यांनी सामग्रीवर बंदी घातली, आणि जून 1982मध्ये ती युरोपातल्या कारखान्यांनाही लागू केली. त्यावर खुद्द मार्गारेट थॅचर बिथरल्या, कारण स्कॉटलंडमधल्या कारखान्याकडे टर्बाइनची ऑर्डर होती. नोव्हेंबर 1982मध्ये रेगन यांनी बंदी मागे घेतली. शीतयुद्धाच्या ऐन भरात युरोपनं अमेरिकेपेक्षा स्वतःची चूल बघितली, आणि 1984मध्ये सैबेरियातला वायू फ्रान्सला पोचला.

वाहिनी युक्रेनमधून गेली, तशी युक्रेनची माणसंही इकडे आली. 1989च्या जनगणनेत या प्रांतात सुमारे 17 टक्के लोक युक्रेनियन होते.

या सगळ्यात नेनेत्स लोकांचा विचार कुणी केला, असं म्हणवत नाही. रेनडियरचे कळप घेऊन हिंडणारी ही जमात शहर येण्याच्या कितीतरी आधीपासून इथली. त्यांच्या चराऊ वाटांवर आता पाइप आडवे आले आहेत. कळपांना ओलांडता यावेत म्हणून काही ठिकाणी पाइप उंच उचलले किंवा पुरले गेले. ही सोय मागाहून सुचलेली, एवढंच म्हणता येईल.

एकाच मालावर पोसलेलं गाव या भागाला नवं नाही. इथून पूर्वेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर ताझ नदीकाठी 1601मध्ये मंगाझेया वसलं, सेबलच्या कातड्यांवर गब्बर झालं. परके व्यापारी घुसतील या धास्तीनं झारनं सागरी मार्ग बंद केला, शिकारही आटली आणि 1672मध्ये ते सोडून दिलं गेलं.

उरेंगॉयचा वरचा थर बराच रिकामा झाला आहे. आजवर सात लाख कोटी घनमीटरांहून अधिक वायू उपसला गेला. आता साडेतीन हजार मीटरांखालच्या, खडकात घट्ट कोंडलेल्या थरांकडे वळावं लागतंय. त्यासाठी 2003मध्ये गाझप्रॉम या रशियन कंपनीनं जर्मनीच्या विंटरशाल कंपनीशी भागीदारी केली होती. रशियानं युक्रेनवर युद्ध लादल्यावर 2023मध्ये विंटरशालनं रशियातून बाहेर पडायचं जाहीर केलं. रशिया-युक्रेनमधला वहनाचा करार संपला आणि 1 जानेवारी 2025च्या सकाळी युक्रेनमार्गे युरोपला जाणारा रशियन वायू थांबला. शहराला धोका साठा संपण्याचा आहेच, पण गिऱ्हाईक तुटण्याचा त्याहून मोठा आहे.