आशीर्वचनाचा अधिकार : जर्मन कॅथॉलिकांमधील वाद (२०२१–२०२३)

जर्मनीत १ ऑक्टोबर २०१७ पासून समलिंगी विवाहास कायद्याने मान्यता मिळाली. कॅथॉलिक धर्मपीठाच्या मते मात्र विवाह हा स्त्री व पुरुष यांमधीलच संस्कार होय. १५ मार्च २०२१ रोजी रोमच्या सिद्धांत-मंडळाने असे जाहीर केले की, समलिंगी संबंधांस आशीर्वाद देण्याचा अधिकार धर्मसंस्थेस नाही; कारण ईश्वर पापास आशीर्वाद देत नाही. या निर्णयास अनेक जर्मन धर्मगुरूंनी उघड आव्हान दिले. १० मे २०२१ च्या सुमारास सुमारे १०० ठिकाणी असे आशीर्वाद-विधी झाले.

या मंडळींनी त्या विधींत विवाह-संस्कार मागितला नव्हता, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘झेग्नेन’ (आशीर्वाद देणे) हे जर्मन क्रियापद लॅटिन ‘सिग्नारे’, म्हणजे खूण करणे, यापासून आले. क्रुसाची खूण ही मान्यतेचीही खूण ठरते काय, हाच खरा वादविषय होता. फ्रँकफुर्ट येथील धर्मसभेने १० मार्च २०२३ रोजी १७६ विरुद्ध १४ मतांनी अशा विधींच्या बाजूने कौल दिला. पुढे १८ डिसेंबर २०२३ रोजी रोमने समलिंगी जोडप्यांस उपासनाविधीबाहेर आशीर्वाद देण्याची मुभा दिली. त्यांच्या नात्यास अधिकृत मान्यता मात्र दिली नाही. तात्पर्य, आशीर्वचनाची मर्यादा विस्तारली. विवाहाची व्याख्या पूर्ववतच राहिली.