स्टेपनी : हाताजवळून पोटाखाली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख परभणीला मिळाली होती. सकाळी दहाला हजर व्हायचं होतं. आमचं गाव सेनगावकडचं, म्हणजे येलदरीवरून जिंतूर आणि तिथून परभणी. मी पुण्याहून दोन दिवसांची सुट्टी टाकून आलो होतो. पहाटे सहाला निघालो, आबा पुढच्या सीटवर, आई मागे डबा घेऊन. येलदरीचं धरण मागे टाकलं आणि दहा मिनिटांत मागचं डावं चाक बसलं.

मी मनात म्हटलं, पंधरा मिनिटांचं काम. जॅक काढला, पाना काढला, डिकी उघडली... आणि आठवलं की आपल्या गाडीची स्टेपनी डिकीत नाहीच. ती गाडीच्या पोटाखाली लटकवलेली आहे. मागच्या बंपरजवळच्या भोकातून लांब दांडी घालायची, फिरवायची, की वायर सैल होऊन चाक हळूहळू खाली येतं. मॅन्युअलमध्ये चित्र आहे. छान रंगीत आहे.

भोक चिखलाने बुजलेलं होतं. काडीने कोरून काढलं. दांडी आत गेली, पण फिरेना. चार वर्षांत एकदाही कुणी ती फिरवलेली नव्हती (म्हणजे मीच!). वायर आणि गिअर गंजून एकजीव झाले होते. मी ओल्या रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली बघत होतो आणि वरून आबांचा आवाज आला, "कामून झोपलास रे बाळ्या खाली? आमच्या टायमाला स्टेपनीला हात लागायचा सरळ."

आबा येलदरीचं धरण बांधलं जात होतं तेव्हा तिथे मुरुमाच्या ट्रकवर क्लीनर होते. पूर्णा नदीवरचं हे मातीचं धरण १९६८ साली पूर्ण झालं. साहेब लोकांच्या जीपची स्टेपनी बाहेर, मागे किंवा बाजूला टांगलेली असायची. चार नट काढले की चाक हातात. "अन् ट्रकची?" मी खालूनच विचारलं. आबा थोडे थांबले. "ट्रकची खालीच असायची. पण आम्ही क्लीनर होतो ना खाली शिरायला."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. परत आल्यावर शनिवार-रविवार याच विषयावर वाचत बसलो. त्यातलं जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

सुरुवात शब्दापासून. स्टेपनी हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो एका दुकानाच्या पत्त्यावरून आला असेल असं वाटतच नाही. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवरच्या टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ साली जादा चाकाची कल्पना काढली आणि भाऊ वॉल्टर यांच्यासोबत धंदा उभा केला. कंपनीला नाव दिलं रस्त्याचं. लंडनमध्येही स्टेपनी नावाचा भाग आहे, पण आपल्या स्टेपनीचा त्याच्याशी संबंध नाही.

त्याआधी गाड्यांना जादा चाक नसायचंच. चाकं लाकडी आऱ्यांची, गाडीला पक्की बसवलेली. रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले. पंक्चर झालं की भर रस्त्यात टायर रिमवरून उतरवायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, हातपंपाने हवा भरायची. डेव्हिस यांचं चाक म्हणजे आरे नसलेली नुसती लोखंडी रिंग आणि तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूलाच ती रिंग क्लॅम्पने आवळायची आणि चालू पडायचं. मूळ चाक काढायचंच नाही! सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम बंद न करता मारलेला पॅच.

पुढे अख्खं चाकच काढता-घालता येऊ लागलं आणि डेव्हिस यांची रिंग मागे पडली. ब्रिटनमध्ये तो शब्दही विस्मरणात गेला. पण भारतात, बांगलादेशात, माल्टात तो राहिला. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलणारे लोकही जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात.

आता माझा खरा मुद्दा. ही स्टेपनी शंभर-सव्वाशे वर्षांत हळूहळू माणसाच्या हातापासून लांब गेली. आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेळी कारण रास्त होतं.

आधी ती पायरीवर किंवा मडगार्डच्या खोबणीत उभी असायची. जुन्या मोटारींच्या फोटोंत दिसते, अगदी मिरवल्यासारखी. मग मोटारींचे आकार गुळगुळीत झाले, मागे बंद डिकी आली, स्टेपनी आत गेली. पावसापासून आणि चोरापासून वाचली, पण सामान काढल्याशिवाय मिळेना. जीप मात्र लष्करी गाडी. तिथे वेळेला किंमत, म्हणून चाक बाहेरच राहिलं. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि तीच जीप पुढे पाटबंधाऱ्यापासून पोलिसांपर्यंत सगळीकडे पोचली.

ट्रकचं गणित वेगळं. रिमसकट चाक शंभर किलोच्या आसपास. ते वर चढवणार कोण? शिवाय वरची सगळी जागा मालाची. म्हणून ते चासीखाली गेलं. तिथे ते चाललं, कारण ट्रकवर ड्रायव्हरसोबत क्लीनर होता. म्हणजे डिझाइनमध्ये एक माणूस गृहीत धरलेला होता.

मोटारींतही हा प्रयोग जुनाच. १९९० च्या दशकात आपल्या कल्याणला प्रीमियरच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनायची. तिची स्टेपनी डिकीच्या खाली, बाहेरच्या बाजूने, लोखंडी पाळण्यात असायची. डिकीच्या तळात एक स्क्रू, तो पान्याने फिरवला की पाळणा खाली यायचा. सामान न उपसता स्टेपनी मिळावी, ही त्यातली सोय.

मग सात-आठ माणसांच्या गाड्या आल्या. स्कॉर्पिओ (२००२), इनोव्हा (२००५), पुढे एर्टिगा (२०१२). तिसरी रांग बसवायची तर डिकी उरतच नाही. मागच्या दारावर चाक लटकवलं तर दार जड होतं, बिजागऱ्यांवर ताण येतो, मागचं दिसत नाही. मग उरलं पोट. डोकं चालवून केलेली रचना आहे ही, शंका नाही. चाकाच्या मधल्या भोकातून एक पट्टी, तिला वायर किंवा साखळी, वर छोटी विंच. गिअर असा की दांडी फिरवली तरच फिरेल, चाकाच्या वजनाने आपोआप उलटणार नाही.

फक्त एक गोष्ट राहिली. ट्रकचं डिझाइन घरच्या गाडीत आलं, पण क्लीनर आला नाही. वर चिखल, पाणी, खडी या सगळ्यांचा मारा थेट त्या विंचवर. आमच्या धंद्यात एक जुना धडा आहे. जो बॅकअप कधी रिस्टोअर करून बघितला नाही, तो बॅकअप नाही. मी ऑफिसात नव्या मुलांना हे तोंड वर करून सांगतो, आणि माझ्याच गाडीखालचा बॅकअप चार वर्षं तपासलेला नव्हता. दोष गाडीचा नव्हताच.

आता थोडं कामाचं. हे मी नंतर आमच्या पंक्चरवाल्याकडून शिकलो.

वर्षातून दोनदा, त्यातलं एकदा पावसाळ्याआधी, स्टेपनी पूर्ण खाली उतरवा. वायर तुटलीय का बघा, घासून ग्रीस लावा. दांडीच्या भोकाला रबरी बूच बसवा. चाक परत चढवताना शक्य असेल तर हवेचा व्हॉल्व्ह खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे चाक न उतरवता हवा तपासता येते. चाक नीट आवळलंय ना हे हलवून बघा. दांडीचे तुकडे मोजून एका पिशवीत ठेवा, सोबत एक जुनं पोतं. पंक्चर झालं तर जॅक लावायच्या आधी स्टेपनी उतरवा. मागचं चाक बसलं की गाडी खाली येते आणि स्टेपनी ओढायला फट अपुरी पडू शकते. मग थोडं उचलावं लागतं. पण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली अंग घालू नका. काहीही झालं तरी.

२०२० साली नियमही बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची राहिली नाही. म्हणजे पायरीवरून डिकीत, डिकीतून पोटाखाली, आणि आता बहुधा गाडीतूनच बाहेर. पण टायर बाजूने फाटला तर किट काय करणार, हे येलदरीच्या रस्त्यावर उभं राहून विचारायला हवं.

असो. त्या दिवशी शेवटी एक ट्रॅक्टरवाले काका थांबले. त्यांनी डिझेल ओतलं, हातोडीने ठोकलं, दांडीला लोखंडी पाइप लावून जोर दिला. कर्रर्र करून विंच सुटली. स्टेपनी खाली आली तेव्हा तिच्यात हवा निम्मीच होती. जिंतूरपर्यंत हळूहळू गेलो, तिथे हवा भरली. परभणीला पोचायला साडेअकरा झाले. आबांचा नंबर गेला होता. पुढची तारीख पंधरा दिवसांनी.

आबा काही बोलले नाहीत. येताना फक्त म्हणाले, "मी क्लीनर होतो तवा मालक दर अमावस्येला स्टेपनी उतरवायला लावायचा. आम्ही शिव्या द्यायचो त्याला."

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. आदल्या संध्याकाळी अंगणात पोतं टाकून स्टेपनी उतरवली, ग्रीस लावलं, परत चढवली. आबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. त्यांना तेव्हा नीट दिसत नव्हतं, पण विंचचा आवाज ऐकून म्हणाले, "हां, आता चांगली फिरायली."