एकाच विहिरीचे दोन पत्ते

मागच्या वेळी आपण प्रक्षेपणांबद्दल बोललो. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची म्हटली की कुठेतरी ताण येतोच, हे पाहिलं. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न राहून गेला: जी पृथ्वी उतरवायची, ती केवढी आणि कशा आकाराची धरायची?

एखादी जुनी टोपोशीट घ्या. तिच्यावरून एका विहिरीचे अक्षांश-रेखांश वाचा आणि मोबाइलमध्ये टाका. महाराष्ट्रात मोबाइल तुम्हाला विहिरीपासून शंभरएक मीटर लांब नेऊन उभं करेल. आपण लगेच म्हणतो, जुन्या लोकांचं मोजमाप चुकलं. तसं नाहीये.

त्यांनी मोजलं कसं ते बघा. एप्रिल 1802 मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टनने सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजायला घेतली. साधन काय, तर शंभर फुटी पोलादी साखळी. उन्हात पोलाद लांबतं, म्हणून जवळ थर्मामीटर ठेवून प्रत्येक मापात दुरुस्ती करायची. एक बाजू अशी पक्की झाली की पुढे फक्त कोन मोजायचे, त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. कोन मोजणारा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. 1808 मध्ये तंजावरला (सरफोजीराजांचंच तंजावर, बरं का) तो देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. लॅम्ब्टनने ते स्वतः बसून दुरुस्त केलं. अशा माणसांना निष्काळजी कसं म्हणणार?

फरक आहे तो धरलेल्या पृथ्वीत. लॅम्ब्टननंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने 1830 मध्ये याच मोजणीवरून पृथ्वीचा आकार काढला: ध्रुवांकडे किंचित चपटा गोळा, विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे 63,77,276 मीटर. भारताच्या अंगावर बेतून शिवलेला अंगरखाच तो. इथे छान बसतो. पण त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्यावर येत नाही. उपग्रह फिरतात ते पृथ्वीच्या वस्तुमानमध्याभोवती. त्यामुळे जीपीएसला सगळ्या जगाला चालेल असा गोळा लागला. तो डब्ल्यूजीएस 84, त्रिज्या 63,78,137 मीटर. गोळा बदलला, त्याची जागा बदलली, की जमीन तसूभर न हलता तिचे आकडे हलतात. या आधाराला डेटम म्हणतात. डेटम न सांगता दिलेले अक्षांश-रेखांश म्हणजे गावाचं नाव नसलेला घरनंबर.

1:50,000 च्या नकाशावर शंभर मीटर म्हणजे दोन मिलिमीटर, नजरेतून सहज सुटणारे. पण संगणकावर जुना नकाशा उपग्रहचित्रावर टाकताना डेटम चुकीचा निवडला, तर ओढ्याकाठची वस्ती थेट ओढ्यात दिसते. पूररेषा आखणाऱ्याने काय करायचं?

2005 च्या नकाशा धोरणाने सर्वांसाठीच्या नव्या शीट डब्ल्यूजीएस 84 वर आणल्या. जुन्या शीट मात्र आजही कपाटांतून निघतात. लॅम्ब्टन 1823 मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला, कबरही तिथेच आहे. त्या कबरीचे अक्षांश-रेखांशही आता दोन आहेत.